मागं कुंडलिक, म्होरं साळुबाई

ओतूरच्या एस.टी. स्टँडसमोर माझा टायपिंगचा क्लास होता आणि त्याला खेटून कुंडलिकरावांचं दुकान. मधे नुसता पत्रा. त्याला भिंत म्हणायचं ते मालकाचा मान राखायला, कारण माझ्या मुलांची टकटक त्यांच्या दुकानात आणि त्यांची नवरा-बायकोची भांडणं माझ्या क्लासमध्ये विनासायास पोचत. तेव्हा पुढे जे सांगतो आहे त्यातलं काही ऐकीव असलं, तरी चांगला कान देऊन ऐकलेलं आहे.

दुकानाच्या पाटीवर 'रेडिओ, टीव्ही व कॉम्प्युटर रिपेअरिंग' असं लिहिलं होतं. 'कॉम्प्युटर' मागाहून घुसवल्यामुळे तो बिचारा दाटीवाटीने बसला होता. खरं सांगायचं तर कॉम्प्युटरमधलं कुंडलिकरावांना एकच कळे, त्याचा पडदा. बाकीच्या डब्याला ते 'खालचं खोकं' म्हणत आणि त्याच्या वाटेला जात नसत. गावालाही हे सोयीचं होतं, कारण गावाच्या मते कॉम्प्युटर म्हणजे पडदाच. पारगावचे एक बागायतदार आपला मॉनिटर गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन एस.टी.ने आले. पडदा काळा पडला होता. कुंडलिकरावांनी तो दुकानातल्या खोक्याला जोडला, तर लख्ख चित्र. बागायतदार खूश होऊन गोधडीसकट परत गेले. घरी पुन्हा काळा. पुन्हा आले, पुन्हा लख्ख. शेवटी कुंडलिकरावांनी गंभीर चेहऱ्याने निदान केलं, "पावणं, तुमच्या मॉनिटरला पारगाव मानवत न्हाई."

मी न राहवून पत्र्यावरून डोकावलो आणि दोष खालच्या खोक्यात आहे, तेही घेऊन या, असं सांगितलं. त्यावर बागायतदारांनी मलाच विचारलं, "सर, चित्र खोक्यात दिसतं का पडद्यावर?" कुंडलिकरावांनी मान डोलावली. मी परत माझ्या टाइपरायटरकडे गेलो. अशा लोकांपुढे डोकं फोडण्यात अर्थ नसतो, हे मला ओतूरने फार लवकर शिकवलं होतं.

मात्र पडद्याचं काम म्हणाल तर कुंडलिकरावांच्या हाताला तोड नव्हती. चित्र आडवं पसरलेलं असो, वर गोळा झालेलं असो, नाहीतर एखाद्या रंगाने फुगलेलं असो, ते मॉनिटरचं मागचं झाकण काढत, मशीन चालू ठेवत, डावा हात पँटच्या खिशात घालत आणि उजव्या हाताने बारीक स्क्रूड्रायव्हरने आतले पेच फिरवत. डावा हात खिशात का, तर आत जबरदस्त करंट असतो आणि दोन्ही हात लागले तर माणूस जागीच आटोपतो. हे साधं कारण लोकांना पटत नसे. ती त्यांची ऐट आहे असं सगळ्यांचं मत होतं, आणि ऐट त्यांच्यात होती हे मीही नाकारणार नाही.

पण लोकांना खरी गंमत वाटे ती वेगळीच. मागे उभं राहून पेच फिरवणाऱ्याला पुढचं चित्र दिसत नाही. म्हणून बाकीचे मेकॅनिक समोर आरसा ठेवतात आणि त्यात बघून काम करतात. कुंडलिकराव आरसा वापरत नसत. ते बायको वापरत. कुठेही बोलावणं आलं की ते पुढे आणि साळुबाई हातात पिशवी घेऊन मागे, अशी वरात निघे. गिऱ्हाइकाच्या घरी पोचल्यावर मात्र जागा बदलत. कुंडलिकराव मशीनच्या मागे जात आणि साळुबाई समोर स्टूल घेऊन बसत. मग सुरू होई.

"तांबडं लई झालं."

"आता?"

"आता डाळिंबी आलंय. आजून उतरवा."

"आता?"

"आबोलीवर आलं. माणसाचं त्वांड आबोली नसतं. जरा हिरवं द्या. हां. पोपटी नगं, मोरपंखी बी नगं. बास."

हे 'बास' आलं की कुंडलिकराव झाकण बसवत. समोर जाऊन एकदाही बघत नसत. गिऱ्हाईक विचारी, "अहो, तुम्ही तरी बघा." त्यावर ते म्हणत, "साळूनं पास केलंय. आता वरच्या कोर्टात जागा न्हाई."

यावरून गावात काय काय बोललं जाई ते विचारू नका. कोणी म्हणे, बायकोच्या हुकमाशिवाय हा स्क्रूही फिरवत नाही. कोणी म्हणे, या वयात एवढं प्रेम बरं नव्हे. मीही काही कमी नव्हतो. ते दोघं निघाले की मी दारातून ओरडत असे, "जोडीनं कुठं निघालात, सत्यनारायणाला?" साळुबाई हसत आणि कुंडलिकराव माझ्याकडे दुर्लक्ष करत. दुकानात साळुबाई त्यांना वायरींचे रंग सांगत, त्यावरून खरी गोष्ट मला पत्र्यापलीकडून केव्हाच कळली होती, पण ती मी कुणाला सांगितली नाही. चेष्टा करणं निराळं आणि कुणाच्या पोटावर पाय देणं निराळं.

खरी गोष्ट अशी, की कुंडलिकरावांना तांबड्या-हिरव्यातला फरक जन्मापासून कळत नव्हता. घरची शेती होती, मळ्यात टोमॅटो होते, आणि वडिलांनी तोडणीला पाठवलं की हे पिकल्याबरोबर कच्चेही तितक्याच श्रद्धेने तोडून आणत. वडिलांना वाटलं, पोरगं कामचुकार आहे. त्यांनी मार दिला, मग समजावलं, मग पुन्हा मार दिला आणि शेवटी पुण्याला रेडिओ-दुरुस्ती शिकायला धाडलं. रेडिओला रंग नसतो. पुढे टीव्ही आले, तेही काळे-पांढरे. तो काळ कुंडलिकरावांच्या भरभराटीचा. ओतूरपासून थेट पेठ गावापर्यंत त्यांचं नाव झालं, आणि त्या गावाहूनच साळुबाई लग्न होऊन आल्या.

मग रंगीत टीव्ही आला आणि पंचाईत झाली. साळुबाईंच्या एका मावशीच्या घरी हे टीव्ही दुरुस्त करायला गेले. सोबत त्याही सहज गेल्या होत्या, मावशीला भेटायला. रविवारची सकाळ, टीव्हीवर पौराणिक मालिका आणि घरात गर्दी. कुंडलिकरावांनी पेच फिरवले, पुढे येऊन स्वतःच्या कामाकडे समाधानाने पाहिलं आणि म्हणाले, "घ्या, झालं." पडद्यावरचा देव हिरवागार होता. मावशीने हात जोडले खरे, पण तोंड उघडंच राहिलं. लोक एकमेकांकडे बघायला लागले. तेवढ्यात साळुबाई मोठ्याने म्हणाल्या, "अवं, आरसा इसरला ना घरी? मंग मागनं कसं दिसंल? जावा मागं, मी म्होरं बसून सांगते."

पुढे त्यांनी आरसा कधीच आणू दिला नाही आणि नवऱ्याला एकट्याला कधीच पाठवलं नाही. भांडणात त्या त्यांना काय वाट्टेल ते बोलत. आळशी म्हणत, खादाड म्हणत, सासऱ्यांचा उद्धार करत. पण रंगाचं नाव नाही. पत्र्याला कान लावून बसणाऱ्या माणसाचा शब्द म्हणून हे खरं माना.

आता मुख्य गोष्ट. ती दोन हजार तीनच्या आसपासची असेल. तोवर टाइपरायटर कोपऱ्यात गेले होते आणि मी पुण्याहून जुने कॉम्प्युटर आणून क्लास चालवत होतो. मॉनिटरही जुनेच, बोजड, मागे लांबलचक शेपूट असलेले. त्यांचे रंग उतरले, म्हणून मी शेजाऱ्यांना बोलावलं. नेहमीप्रमाणे कुंडलिकराव मागे, साळुबाई पुढे.

"निळं द्या," साळुबाई म्हणाल्या.

"दिलं."

"आजून द्या. पिवाळलंय सगळं."

मागचा स्क्रूड्रायव्हर थांबला. मग कुंडलिकराव म्हणाले, "आजून?"

"व्हय. आजून. आजून. बास."

ते गेल्यावर मी पडद्याकडे पाहिलं. पांढरा कागद म्हणून जो दिसायला हवा तो चक्क आकाशी दिसत होता. मी मनाशी म्हटलं, नवी पद्धत असेल, नाहीतर माझ्या ट्यूबलाइटचा दोष असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी कुंडलिकराव एकटेच हजर. "स्क्रू इसरलाय आत. झाकन काढू का?" मी नेमका परीक्षेच्या गडबडीत होतो. "तुमचा स्क्रू राहू द्या आत," मी खेकसलो. "रोज उठून झाकणं उघडू नका. मुलं बसलीत." ते काही वेळ दारात घुटमळले आणि गेले. माझा क्लास निळा राहिला. मुलांनी तक्रार केली नाही. मुलं कशाचीच तक्रार करत नसत, फक्त फी मागितली की त्यांना ऐकू येत नसे.

त्या वर्षी कुंडलिकराव फार स्क्रू विसरायला लागले. आज जोडीने कुठे काम केलं की उद्या हे एकटेच तिथे हजर. मी विचारलं, "आज स्वारी एकटीच? भांडलात का?" तर म्हणत, "स्क्रू, सर. वय झालं." मला वाटलं, खरंच झालं असेल.

बाजारपेठेत सोहनलाल शेठचं कापडाचं दुकान होतं. त्यांच्या आजोबांनी राजस्थान सोडलं होतं, पण शेठचं ओतूर इतकं पक्कं होतं की कोणत्या घरात कोणाचं लग्न ठरतंय हे त्यांना भटजींच्या आधी कळे. त्यांच्या मुलाने, जिनेशने, हट्टाने एक जुना कॉम्प्युटर दुकानामागच्या खोलीत आणून ठेवला. सुरतेचे व्यापारी साड्यांचे फोटो सीडीवर पाठवत. पडद्यावर साडी बघायची, नंबर टिपायचा, फोनवर ऑर्डर द्यायची. शेठना हे मुळीच पसंत नव्हतं. "कापड बोटाला कळतं," ते म्हणत, "काचेला नाही." पण एकुलता एक मुलगा, आणि आई सुमतीबाई मुलाच्या बाजूला. शेठ म्हणाले, "एक सराई करून बघ. चुकलं तर हे धूड भंगारात आणि तू गोदामात."

जिनेशचा पडदा तांबूस मारत होता. त्याने आमच्या जोडीला बोलावलं. साळुबाईंनी तांबडं उतरवलं, हिरवं सावरलं आणि निळं चढवलं. "बास" म्हणाल्या. लग्नसराई तोंडावर आलेली. जिनेशने त्याच संध्याकाळी सीडी लावली, एक आकाशी साडी त्याच्या मनात भरली आणि त्याने सुरतेला फोन करून त्या नंबरचा गठ्ठाच मागवला. दुसऱ्या दिवशी जिनेश नारायणगावला गेलेला असताना कुंडलिकराव त्यांच्याकडेही स्क्रू शोधायला गेले. सुमतीबाईंनी त्यांना चहा दिला.

गठ्ठा आला. शेठनी स्वतः सुतळी कापली. आत साड्या होत्या, पोत उत्तम, काठ उत्तम, आणि रंग दुधासारखा. ऐन लग्नसराईत ओतूरच्या बाजारात पांढऱ्या साड्यांचा गठ्ठा! सुमतीबाईंनी तो पटकन आत ओढला, कुणी बघितलं तर काय म्हणेल म्हणून. जिनेश धावत पडद्याकडे गेला, सीडी लावली, तोच नंबर काढला. पडद्यावर साडी पांढरी. आता स्वच्छ पांढरी!

"बाबा, ही आकाशी होती. शपथ घेतो."

"मग काय रात्रीत धुतली?" शेठ म्हणाले.

मला बोलावणं आलं, कारण कॉम्प्युटर या विषयावर ओतूरमध्ये माझा शब्द चाले. निदान मला तसं वाटे. मी पोचलो तेव्हा जिनेशचा चेहरा रडवेला झाला होता. शेठचा आवाज चढलेला नव्हता, आणि शेठ हळू बोलायला लागले की प्रकरण गंभीर असतं हे सगळ्यांना माहीत होतं. "सर, सांगा. पडद्यावर आकाशी दिसलेली वस्तू आपोआप पांढरी होते का? का माझ्या मुलाला रंग कळत नाही आणि वर तो खोटं बोलतो?"

मी बरंच काही बोललो. केबल, कार्ड, सेटिंग असे शब्द वापरले. कुणालाच काही कळलं नाही, आणि मलाही फारसं कळलेलं नव्हतं. शेवटी सुमतीबाईंना आठवलं की कुंडलिकराव दुसऱ्या दिवशी येऊन झाकण उघडून गेले होते. मग दोघांना बोलावलं.

दोघं आली. साळुबाई सवयीने पडद्यासमोर बसल्या. शेठनी विचारलं, "कुंडलिकराव, दुसऱ्या दिवशी येऊन काय केलंत?"

"स्क्रू..." कुंडलिकराव म्हणाले आणि थांबले.

"स्क्रूने साडीचा रंग बदलत नाही. तुम्ही काही केलं नसेल, तर माझा पोरगा खोटारडा. आजपासून हा गल्ल्यावर बसणार नाही. सांगा."

कुंडलिकरावांनी एकदा जिनेशकडे पाहिलं, एकदा बायकोच्या पाठीकडे. मग त्यांनी खिशातला डावा हात बाहेर काढला आणि दोन्ही हात जोडले. "शेठ, पोराची चूक न्हाई. माझी हाय. मला रंग दिसत न्हाईत. तांबडं अन् हिरवं मला एकच. जन्मापासनं. म्हनून हिला संगं आनतो."

साळुबाई गर्रकन वळल्या. इतकी वर्षं स्वतःच्या पदराखाली झाकून ठेवलेली गोष्ट या माणसाने भर दुकानात उघडी टाकली होती. "काय बोलताय काय तुमी!" त्या म्हणाल्या. त्यांना इतकं चिडलेलं मी पत्र्यापलीकडूनही कधी ऐकलं नव्हतं.

गोष्ट इथेच मिटली असती. शेठ माणूस समजून घेणारे होते. पण जिनेश हिशेबी बापाचा मुलगा. तो म्हणाला, "काका, पण साडी तांबडी-हिरवी दिसली असती तर गोष्ट वेगळी. ही तर आकाशी दिसत होती. निळ्याचं काय?"

कुंडलिकराव हत्यारांची पिशवी चाचपायला लागले. खोटं बोलायची सवय असलेला माणूस खरं अर्धवट बोलला की असाच अडकतो.

साळुबाईंनी त्या रागातच गठ्ठ्यातली एक साडी ओढली आणि खिडकीशी नेऊन उजेडात धरली. "अन् ही पांढरी कशी म्हनता वं शेठ? उगा माझ्या मालकावर आळ! ही तर पिवळी हाय. हळदीची दिसती चांगली."

सुमतीबाई उठून त्यांच्याजवळ गेल्या आणि हळूच म्हणाल्या, "साळुबाई, पिवळी नाही हो. दुधासारखी आहे."

साळुबाईंनी पुन्हा साडीकडे पाहिलं, डोळे बारीक केले आणि नवऱ्याकडे वळल्या. "अवं, तुमी सांगा. पिवळी हाय ना?"

आता बघा, समोर गिऱ्हाईक, हातात पांढरीफटक साडी, पोराची अब्रू टांगलेली. आणि हा गृहस्थ काय म्हणाला? "हां... जरा पिवळीच म्हनायची."

मला हसू आलं आणि तिथेच थांबलं. कारण साळुबाईंना त्यांचा चेहरा पाठ होता. त्या साडी हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

"निळं-पिवळं तुमाला दिसतं की," त्या म्हणाल्या. "लगनापासनं दिसतं."

"व्हय."

"मंग त्ये स्क्रू..."

"व्हय."

म्हणजे असं होतं. साळुबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता आणि त्यांना सगळं जग पिवळट दिसायला लागलं होतं. म्हणून त्या पडद्यावर निळं वाढवायला लावत. कुंडलिकरावांना तांबडं-हिरवं कळत नसलं तरी निळं चांगलं कळत होतं. निळ्याचा पेच नेहमीपेक्षा जास्त फिरवावा लागला, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांच्या लक्षात आलं होतं. पण बायकोने "बास" म्हटलेलं त्यांनी तिच्यादेखत कधीच खाली उतरवलं नाही. ते दुसऱ्या दिवशी एकटे जात, निळं जागेवर आणत आणि स्क्रूच्या नावावर खपवत. नेमकी शेठकडची ऑर्डर त्यांच्या आधी सुरतेला पोचली.

साळुबाईंनी साडीची नीट घडी घातली, सुमतीबाईंच्या हातात दिली आणि चपला घालून तरातरा चालायला लागल्या. कुंडलिकराव मागोमाग निघाले. हत्यारांची पिशवी तिथेच राहिली, ती मी उचलली आणि त्यांच्या मागे निघालो. एकदा तरी मी त्यांच्या वरातीत असायलाच हवा होतो.

बाजारपेठेतून पुढे गेल्यावर साळुबाई थांबल्या. रस्त्यातच. "म्हंजी वर्सभर तुमी माझ्या मागनं पुसत फिरलात? गावाला ठावं, सरांना ठावं, अन् मला न्हाई?"

"सरांना काय बी ठावं न्हाई," कुंडलिकराव म्हणाले. ते खरं होतं, पण इतक्या घाईने सांगायची गरज नव्हती.

"मला एका शब्दानं बोल्ला का न्हाई? डोळं गेलं म्हनून सांगाया काय व्हतं?"

"तू मला कवा बोल्लीस?" कुंडलिकराव म्हणाले. "हिरवा देव केला मी. त्या दिशी बोल्लीस? त्याच्यानंतर बोल्लीस? भांडनात सुदीक न्हाई. मंग मी कुठल्या तोंडानं बोलू?"

साळुबाईंनी पदर डोळ्यांना लावला. भर रस्त्यात, भाजीवालीच्या समोर. मी पिशवीतले स्क्रूड्रायव्हर मोजल्यासारखं केलं. मला त्या दोघांचा इतका हेवा वाटला, की घरी गेल्यावर मी विनाकारण बायकोशी गोड बोललो आणि तिने विचारलं, "ताप आहे का?"

शेठनी कॉम्प्युटर भंगारात दिला नाही आणि जिनेशही गल्ल्यावर राहिला. सुमतीबाईंनी त्या साड्या शाळेतल्या शिक्षिकांना दाखवल्या. त्यांना पंधरा ऑगस्टला नेसायला त्या पसंत पडल्या. कुंडलिकरावांचं गुपित बाजारात पसरायला वेळ लागला नाही. चार दिवस लोकांनी त्यांना कच्चे टोमॅटो दाखवून रंग विचारला. मग कंटाळले, आणि मॉनिटर बिघडले की पुन्हा त्यांच्याकडेच यायला लागले. दुसरीकडे जायचं तर मॉनिटर मांडीवर घेऊन नारायणगाव गाठावं लागे.

साळुबाई मात्र दुकानात येईनात. "माझं डोळं गेलं, माझं काम गेलं," एवढंच म्हणत. ऑपरेशनला तयार होईनात. कुंडलिकरावांनी समजावलं, सुमतीबाईंनी समजावलं. शेवटी कुंडलिकरावांनी दुकानाला कुलूप लावलं आणि सांगितलं, "म्होरं मानूस न्हाई तर मागं उभा राहून करू काय?" कुलूप काही दिवस तसंच राहिलं. पत्र्यापलीकडून काहीच ऐकू येत नव्हतं, आणि मला ते मुळीच आवडलं नाही. एके दिवशी साळुबाई स्वतःच मंचरच्या डोळ्यांच्या शिबिराला जायला तयार झाल्या. कुलूप बघवेना, म्हणाल्या.

डोळ्याची पट्टी निघाली, काळा चष्मा गेला, आणि एके सकाळी ती दोघं माझ्या क्लासात आली. साळुबाईंनी पडद्यांची रांग पाहिली आणि कपाळावर हात मारला. "अगं बया! सर, ह्ये कुनी केलं? सगळी पोरं पान्यात बुडाल्यावानी दिसत्यात!"

"स्क्रू विसरला होता आत," मी म्हटलं. कुंडलिकराव मान खाली घालून झाकण काढायला लागले.

तांबडं झालं, हिरवं झालं. साळुबाई सांगत गेल्या आणि कुंडलिकराव फिरवत गेले. मग निळ्याची पाळी आली, म्हणून मी पडद्यावर आकाशाचं चित्र लावलं. मागून आवाज आला, "निळं किती?"

साळुबाई म्हणाल्या, "त्ये मला काय इचारता? तुमाला दिसतं की. या म्होरं."

"अन् पेच कोन फिरवनार?"

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. नाही म्हणायची माझी फार इच्छा होती. पण मी डावा हात खिशात घातला आणि मागे जाऊन उभा राहिलो. कुंडलिकरावांनी स्टूल ओढलं आणि बायकोच्या शेजारी पडद्यासमोर बसले. ओतूरमध्ये त्यांना तिथे बसलेलं कुणीच पाहिलं नव्हतं.

"जरा कमी, सर," कुंडलिकराव म्हणाले.

"एवढं कमी नगं," साळुबाई म्हणाल्या. "आकाशाला तरी निळं ठिवा."

"आकाश दिसतंय मला."

"मला बी दिसतंय, आता."

मग दोघं पडद्याकडेच बघत बसली. माझा हात दुखायला लागला होता आणि आतला करंट माझ्याकडेच बघतो आहे असं वाटत होतं. मी मागून ओरडून विचारलं, "झालं का हो? काढू का हात?"

"थांबा की सर," दोघं एकदम म्हणाली. "बगू द्या जरा."